टाळूवरची गाठ

साचा उलटा करून त्याने कडेने हलकेच ठोकला आणि प्लास्टरचा वरचा जबडा सुटून त्याच्या तळहातावर आला. तो अजून कोमट होता. ओलं प्लास्टर घट्ट होताना तापतं हे धाकट्याला तीस वर्षांपासून माहीत होतं, तरी दर वेळी कोमट जबडा हातात आला की कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीवर आपण बसलोय, असं त्याला वाटायचं. त्याने चाकूने कडा तासल्या, ब्रशने भुगा झटकला आणि सवयीने टाळूवरून अंगठा फिरवला. अंगठा मध्येच अडला. टाळूच्या बरोबर मध्यावर हाडाची एक टणक गाठ होती, लांबट, मधोमध चिरलेली, घेवड्याच्या दाण्यासारखी. अशी गाठ पुष्कळांना असते. त्याने शेकडो पाहिल्या होत्या. पण ही पुढच्या टोकाला किंचित डावीकडे वळली होती आणि ते वळण अंगठ्याच्या ओळखीचं होतं. धाकट्याने जीभ स्वतःच्या टाळूला लावली. तोच दाणा, तीच चीर, तेच वळण. त्याने चिठ्ठी पाहिली. चिठ्ठीवर नाव कधीच नसायचं, नुसता नंबर. पुरुष, वय अठ्ठावन्न, दात एकही नाही, वर-खाली दोन्ही कवळ्या. त्याखाली दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या तिरप्या अक्षरात, ‘टाळूवर गाठ आहे, जागा सोडणे.’ धाकटा स्वतः चौपन्न वर्षांचा होता. चौपन्न आणि चार. त्याने जबडा टेबलावर ठेवला, मग पालथा केला, जसा कुणी फोटो पालथा करून ठेवतं. शेजारच्या टेबलावरचा पॉलिशवाला मोटरच्या घरघरीत स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होता. खिडकीच्या पट्ट्यांमधून तिसऱ्या प्रहराचं ऊन येत होतं आणि त्यात प्लास्टरची धूळ संथपणे फिरत होती.

लहानपणी एकदा वडिलांचा दाढीचा आरसा आणि टॉर्च घेऊन दोघं भाऊ पलंगाखाली शिरले होते. थोरला अकरा वर्षांचा असेल, हा सात. आपल्या टाळूत काहीतरी टोचतंय, आपल्याला मोठा आजार झालाय, आता आपण मरणार, असं याने रडत रडत सांगितलं होतं. थोरल्याने याचं तोंड उघडून आत प्रकाश टाकला, बराच वेळ पाहिलं, मग आपलं तोंड उघडून आरसा धरला आणि म्हणाला, हे बघ, माझ्याकडेपण आहे, मरायचं तर दोघं मरू. मग दोघं वडिलांकडे गेले. वडिलांनी आ वासून दाखवला आणि तिघांच्या टाळूत एकच दाणा निघाला. किती हसले होते तिघं. पुढे धाकटा कवळ्या बनवायच्या कामाला लागला तेव्हा थोरला ओळखीपाळखीत सांगत सुटायचा, आमचा धाकटा लोकांचे दात त्यांच्याच घशात घालतो आणि वर लोक त्याचे आभार मानतात. हा विनोद त्याने शंभरदा केला असेल. शंभराव्यांदाही तो सांगताना आधी स्वतःच हसायचा, मग वाक्य पुरं करायचा. पुढचे दोन दात जरा मोठे, मध्ये फट. आता ते दात नव्हते. एकही नव्हता. प्लास्टरमध्ये नुसती गुळगुळीत कड उतरली होती, झिजलेल्या साबणासारखी. माणसाचे सगळे दात जातात आणि भावाला ते चिठ्ठीवरून कळतं.

अकरा वर्षांत ते एकमेकांशी बोलले नव्हते. म्हणजे थोरला बोलायला आला होता, चार-पाच वेळा. धाकटा बोलला नव्हता. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली धाकट्याची मुलगी, पुढच्या दोन दातांमुळे थोरल्याने जिचं नाव खारू पाडलं होतं, ती एका शनिवारी सकाळी थोरल्याच्या स्कूटरवर मागे बसून पोहायच्या क्लासला निघाली आणि दुसऱ्या चौकात ट्रकखाली गेली. थोरल्याचं मनगट मोडलं. इस्पितळाच्या पायऱ्यांवर गळ्यात अडकवलेला हात घेऊन तो बसला होता आणि धाकटा धावत आला तेव्हा त्याने एकच वाक्य सांगितलं होतं. ‘ती मागून काहीतरी सांगत होती रे. नीट ऐकू येईना, म्हणून मी मान वळवली.’ ते वाक्य धाकट्याच्या आत जाऊन बसलं. त्याने ते विरघळू दिलं नाही. दाढ दुखते तेव्हा जीभ जशी पुन्हापुन्हा तिथेच जाते, तसा तो त्या वाक्याकडे जायचा. मान वळवली. नऊ वर्षांची मुलगी मागे बसलीय, समोर चौक आहे, आणि हा मान वळवतो.

चर्चच्या मंडळीत सगळ्यांना हे ठाऊक होतं. दोघंही एकाच देवळात जायचे, वडिलांपासूनची जागा, डावीकडून तिसरा बाक. अंत्यविधीनंतरच्या रविवारी थोरला आला, त्याने धाकट्याला बाकावर पाहिलं आणि तो मागच्या मागे निघून गेला. त्यानंतर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मंडळीत जाऊ लागला असं कानावर आलं. बाक धाकट्याला मिळाला. लोक त्याच्याशी हलक्या आवाजात बोलायचे, त्याच्या सोशीकपणाचं कौतुक करायचे. त्याने कधी भावाविरुद्ध पोलिसांत तक्रार केली नाही, कधी चारचौघांत वाईट शब्द काढला नाही. तो उपासना चुकवत नसे. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करी. फक्त तिची चव गेली होती. प्रभुभोजनातला भाकरीचा तुकडा तोंडात ठेवला की तो त्याला प्लास्टरच्या भुग्यासारखा लागायचा, जिभेला चिकटायचा, पाण्याशिवाय उतरायचा नाही. सुरुवातीला तो घाबरला, मग त्याला सवय झाली. घरात मुलांसारखं वय वाढत जाणारं दुसरं काही नव्हतं, तेव्हा त्याची ही कोरडच वाढत गेली. आता ती अकरा वर्षांची होती.

कवळी एका दिवसात होत नाही. जबडे डॉक्टरीणबाईंकडे जातात, मेणाच्या पट्ट्या लागून परत येतात, मग मेणात दात बसवायचे, ते रोग्याच्या तोंडात लावून पाहायला पाठवायचे, पुन्हा परत. तीन आठवडे तो जबडा त्याच्या टेबलावर येत-जात राहिला. हे काम दुसऱ्याला देता आलं असतं. त्याने दिलं नाही. का, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. दात बसवताना त्याने हात आखडला नाही. पुढच्या दोन दातांत त्याने किंचित फटसुद्धा ठेवली, चिठ्ठीत तसं काही लिहिलेलं नसताना. पण शेवटच्या दिवशी, मेण काढून गुलाबी लगदा भरण्याआधी, टाळूच्या गाठीवर कथलाचा पातळ पत्रा दाबून बसवायचा असतो. पत्र्याच्या जाडीएवढी जागा सुटते आणि कवळी हाडावर टेकत नाही. तो पत्रा त्याने कापला. गाठीच्या मापाचा, लांबट. चिमट्यात धरला. पॉलिशवाला जेवायला गेला होता. धाकट्याने चिमटा उघडला आणि पत्रा टेबलावरच्या केराच्या डब्यात टाकला. एवढंच. कोणी पाहिलं नाही, काही आवाज झाला नाही. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंना काही कळणार नव्हतं, रोग्यालाही कळणार नव्हतं. आठवडाभरात हिरड्या जरा बसल्या की मग प्रत्येक घासाला कवळी त्या गाठीवर डुगडुगणार होती. माणूस मरत नाही त्याने. फक्त प्रत्येक घासाला आठवण होते.

त्या संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा त्याला भूक लागली होती. चांगली सणसणीत भूक. त्याने दोनदा वाढून घेतलं आणि बायको त्याच्याकडे पाहत राहिली. तो मनात म्हणाला, बघ, इतक्या वर्षांनी न्याय म्हणजे काय ते कळलं. पण चार दिवसांत ती भूक उतरली आणि मागे पूर्वीपेक्षा वाईट काहीतरी राहिलं. जेवताना त्याला आपला घास ऐकू येऊ लागला. दात दातावर बसतोय, जीभ वळतेय, घास टाळूला लागतोय. प्रत्येक घासाबरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक तोंड चावत होतं आणि अडत होतं. तो अर्ध्यावर ताट सारायचा. बायको त्याच्या न बोलण्याला इतकी सरावली होती की ताट उचलतानाही आवाज करायची नाही.

पंधरा-सोळा दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला, दुसऱ्याच कुणाच्या दातासाठी. बोलणं संपत आलं तेव्हा त्यांनी आपणहून विषय काढला. त्या दोन कवळ्यांचे गृहस्थ काल आले होते, त्यांच्या टाळूवर नखाएवढा व्रण पडलाय, पण कवळी परत पाठवू नका म्हणतात. पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं, वजन उतरत चाललेलं. चार किलो वाढलं तरच पुढचे उपचार देता येतील असं त्यांच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय, आणि खायचं तर या कवळीनेच खायचं. बाईंना आश्चर्य एवढंच वाटत होतं की या रोग्याने पहिल्याच दिवशी याच प्रयोगशाळेतून काम करून घ्या असा हट्ट धरला होता, आणि आता दुखतंय तर म्हणतो, मुळीच दुखत नाही. तुमच्या ओळखीचे आहेत का, त्यांनी विचारलं. धाकटा म्हणाला, पाहतो. ते काही उत्तर नव्हतं. त्याने फोन ठेवला. थोरल्याला माहीत होतं तर. माहीत असून त्याने तोंड उघडून साचा दिला होता.

रविवारी उपासनेत तो बाकावर बसला तेव्हा त्याला देवाकडे एकच मागायचं होतं: मला शांती दे. शांती हा शब्द तो अकरा वर्षं वापरत आला होता आणि त्याचा अर्थ त्याने असा धरला होता की हे सगळं एके दिवशी आपोआप दुखायचं थांबेल. पाळक म्हातारे होते, वाक्याच्या मध्येच खोकायचे. त्या दिवशी ते म्हणत होते की माणूस देवाकडे भूक घेऊन जातो आणि देव त्याच्या हातात काम ठेवतो. आधी फसवल्यासारखं वाटतं, पण ते सांगितलेलं काम करता करताच पोट भरतं, दुसऱ्या कशाने भरत नाही. धाकट्याने हे कैकदा ऐकलं होतं. मग प्रभुभोजनाचं तबक फिरू लागलं. ते त्याच्यापाशी आलं, त्याने तुकड्यांकडे पाहिलं, आणि त्याचा हात उचलेना. त्याने तबक तसंच पुढे दिलं. शेजारची म्हातारी त्याच्याकडे पाहून दचकली. आवाज वगैरे काही आला नाही, प्रकाश पडला नाही. फक्त त्याला काय करायचंय ते कळलं, कामाची चिठ्ठी वाचून कळावं तितकं रुक्षपणे. तो वाद घालू लागला. नवी कवळी करून पाठवतो. डॉक्टरीणबाईंना सांगतो, त्या घासून देतील. पत्र लिहितो. प्रत्येक पर्यायाला समोरून नकार नव्हता, नुसतं वाट पाहणं होतं. आणि त्या वाट पाहण्यात, त्याची इच्छा नसताना, त्या शनिवारची सकाळ वर आली. तिचा तो भाग, जो तो कधी पाहत नसे. क्लासला खारूला तो स्वतःच सोडायचा. त्या दिवशी एका दवाखान्याचं घाईचं काम होतं. त्याने थोरल्याला फोन केला होता, दादा, आज तेवढं तिला सोडशील का. थोरल्याची सुट्टी होती, तो झोपला होता. बरं म्हणाला आणि आला. हे धाकट्याने कुणाला सांगितलं नव्हतं. पोलिसांना नाही, बायकोला नाही. प्रार्थनेतही तो त्याला वळसा घालून जायचा. लोकांनी डोळे मिटले होते आणि तो उघड्या डोळ्यांनी समोरच्या बाकाच्या लाकडाकडे पाहत होता.

घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं की मी दादाकडे जातोय. ती भांडी पुसत होती. तिने विचारलं नाही का, कसं, आत्ताच काय. ती म्हणाली, ‘पत्ता आहे का तुमच्याकडे?’ नव्हता. मग तिने तोंडपाठ सांगितला. इमारत, जिना, दारावरची घंटा वाजत नाही, कडी वाजवा. ती म्हणाली, ‘मी दर महिन्याला जाते. दहा वर्षं झाली. तुम्ही कधी विचारलं नाहीत, मी कधी सांगितलं नाही.’ ताट पुसून झालं तरी ती पुसतच राहिली. ‘तिथे जाऊन मी रडते. या घरात मला रडायला जागा नव्हती.’ धाकट्याने तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि काय करावं न कळून स्वतःच एक ताट पुसलं. मग तो प्रयोगशाळेत गेला, कुलूप उघडून हाताची लहान मोटर, घासायच्या टोकण्या, पॉलिशचा बोळा आणि जांभळी पेन्सिल डब्यात भरली, आणि चारच्या सुमाराला तो त्या जिन्यावर होता.

वहिनीने दार उघडलं. तिचे केस पार पांढरे झाले होते. ती म्हणाली, ‘या, भाऊजी,’ जणू तो काल येऊन गेला होता, आणि वाटेतून बाजूला झाली. आतल्या खोलीत थोरला उशांना टेकून बसला होता. धाकट्याने मनात जो भाऊ धरून ठेवला होता तो रुंद खांद्यांचा होता. हा माणूस त्या भावाच्या वडिलांसारखा दिसत होता. गाल आत गेलेले, गळ्याची शीर वर आलेली. तोंडात मात्र पांढरेशुभ्र दात, मध्ये फट असलेले. ‘दादा,’ तो म्हणाला. अकरा वर्षं न वापरलेला शब्द. थोरला म्हणाला, ‘बस,’ आणि उजव्या हाताने चादरीवरची जागा साफ केली. बराच वेळ दोघं कवळीबद्दलच बोलले, कारण दुसरं काही बोलता येईना. थोरला म्हणत होता की झकास बसलीय, डुगडुगत नाही. धाकटा काढून दाखव म्हणत होता. शेवटी थोरल्याने तोंडाशी रुमाल धरला, वरची कवळी काढली आणि लाजल्यासारखी पुढे केली. धाकट्याने त्याला खिडकीकडे तोंड करायला लावलं. टाळूवरच्या गाठीवर करडा पांढरा व्रण होता, कडेने लाल. धाकट्याच्या स्वतःच्या टाळूत कळ गेली.

‘मी जागा सोडली नाही,’ तो म्हणाला. ‘चिठ्ठीत लिहिलं होतं. मी वाचलं होतं. मुद्दाम सोडली नाही.’

थोरल्याने तोंड मिटलं. वरच्या दातांशिवाय त्याचा ओठ आत वळला आणि तो फार म्हातारा दिसू लागला. ‘वाटलंच होतं मला,’ तो म्हणाला; दातांवाचून शब्द मऊ येत होते. ‘तीस वर्षांत तुझ्या हातून असं चुकणार नाही.’

‘मग घातलीस कशाला?’

‘तू पाठवली होतीस. अकरा वर्षांत तुझ्याकडून आलेलं तेवढंच.’

धाकट्याने जांभळ्या पेन्सिलीने व्रणाच्या कडेने हळूच खूण केली. भावाच्या तोंडात बोट घालताना त्याला त्याच्या श्वासाचा औषधी वास आला. कवळी लावून पुन्हा काढली तेव्हा जांभळं वर्तुळ तिच्या आत उतरलं होतं. तेवढाच भाग घासायचा. बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याने मोटर सुरू केली. त्याच्या हाताला हे काम इतकं येत होतं की त्याला विचार करावा लागत नव्हता, आणि तरी आयुष्यात त्याने इतक्या लक्षपूर्वक काही केलं नव्हतं. थोडं घासायचं, बोटाने पाहायचं, आत जाऊन लावून पाहायचं, परत यायचं. पाच वेळा, सहा वेळा. गुलाबी धूळ त्याच्या बाहीवर बसली. त्याला आपण प्रार्थना करतोय असं वाटलं नाही. शब्दच नव्हते. पण शब्दांच्या जागी जे असायला हवं होतं, ते हातात होतं. सातव्यांदा कवळी लावल्यावर थोरला नुसते डोळे मिटून बसला, आणि धाकट्याला कळलं की आता दुखत नाही. वहिनीने सफरचंदाची कागदासारखी पातळ फोड आणली. थोरल्याने ती चावली. खोलीत तो बारीक आवाज झाला. वहिनी पाठ करून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

‘ती काय सांगत होती?’ धाकट्याने विचारलं. कोण, असं थोरल्याने विचारलं नाही.

‘आठवत नाही रे,’ तो म्हणाला. ‘रोज आठवून पाहतो. हसत होती, एवढं नक्की. शब्द गेले.’

‘तिला घेऊन जा म्हणून मीच तुला फोन केला होता.’

‘हो.’

‘हे मी कुणालाच सांगितलं नाही.’

‘मीपण नाही सांगितलं,’ थोरला म्हणाला.

मग धाकटा रडला. भावाच्या गुडघ्यावर डोकं टेकून, वाकडंतिकडं, लहान मुलासारखं नव्हे तर चौपन्न वर्षांच्या माणसाला रडता येत नाही तसं, खोकत, नाक ओढत. थोरल्याचा हात त्याच्या डोक्यावर होता, ज्याचं मनगट तेव्हा मोडलं होतं; ते नीट जुळलं नव्हतं आणि हात जरा तिरपाच टेकत होता. परत जाताना बसस्टॉपवर उभं असताना त्याच्या ध्यानात आलं की सकाळपासून आपण पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही. भूक नव्हती. पण ही गेल्या अकरा वर्षांची भूक नसणं नव्हतं. कामावरून थेट जेवून आलेल्या माणसाला घरी कुणी आग्रह केला तर तो जसा हसून नको म्हणेल, तसं त्याला वाटत होतं, आणि तेही दुःखाला जराही न हलवता. दुःख होतं तिथेच होतं. फक्त त्याच्या शेजारी बसता येत होतं.

त्यानंतर तो रोज जाऊ लागला, काम सुटल्यावर थेट. बायकोही येई. कवळीला दर दोन दिवसांनी काहीतरी लागे, कारण थोरल्याच्या हिरड्या वजनाबरोबर आत जात होत्या. तो अस्तर घाली, कड कमी करी, मग समोर बसून भावाला भरवी. घास लहान, मध्ये थांबायचं, घाई नाही. सुरुवातीला वजन वाढलं. वहिनी वहीत लिहून ठेवायची आणि तो आल्या आल्या दारातच आकडा सांगायची. पाऊण किलो. एक. पावणेदोन. धाकट्याने देवाकडे चार किलो मागितले होते, पहिल्यांदाच असं नेमकं काहीतरी मागितलं होतं, आणि मनात ठरवून टाकलं होतं की मी सांगितलेलं केलंय तर एवढं मिळायला हरकत नाही. पावणेदोनवर काटा थांबला, आठवडाभर थांबला आणि मग उतरू लागला. मोठ्या डॉक्टरांनी वहिनीला बाहेर बोलावून सांगितलं की आता उपचार नकोत. त्या दिवशी तो जिन्यातच थांबून राहिला. त्याला देवाचा राग आला होता, खरा, दात-ओठ खाण्याजोगा. मग मी कशाला येऊ, त्याने विचारलं. भावाच्या जेवणाची वेळ झाली होती. तो वर गेला, हात धुतले आणि चमचा घेतला. आणि तिसऱ्या-चौथ्या घासाला ते पुन्हा होतं, तेच पोटात उतरणारं, रागाला न विचारता आलेलं. हे बक्षीस नव्हतं. बक्षीस असतं तर काट्यावर दिसलं असतं.

रविवारच्या उपासनेच्या वेळीच थोरल्याची सकाळची खाण्याची वेळ असे, म्हणून तो देवळात दिसेनासा झाला. तिसऱ्या रविवारी दुपारी पाळक खोकत खोकत जिना चढून आले. त्यांच्याजवळ लहानशी पेटी होती. त्यांनी फार काही विचारलं नाही. पलंगाच्या कडेला टॉवेल पसरून त्यांनी भाकर मोडली आणि द्राक्षरस ओतला. थोरला तुकडा चावू लागला आणि त्याला वेळ लागला. पाळक थांबले, वहिनी थांबली, बायको थांबली. धाकट्याने स्वतःचा तुकडा तोंडात धरून ठेवला होता, भावाचा उतरेपर्यंत. मग दोघांनी एकदमच गिळलं. थोरल्याने त्याच्याकडे पाहून भुवई उडवली, आणि तो तोच जुना विनोद सांगणार असं धाकट्याला वाटलं, पण त्याला दम लागला होता.

पुढच्या आठवड्यात थोरल्याला गिळता येईनासं झालं. ओठांवर ओला कापूस फिरवायचा, एवढंच. धाकट्याने रजा घेतली आणि तो तिथेच राहू लागला. मंगळवारी सकाळी थोरल्याने खुणेने त्याला जवळ बोलावलं आणि म्हणाला, ‘काढ आता.’ धाकट्याने दोन्ही कवळ्या काढल्या, नळाखाली धुतल्या, आतून अंगठ्याने पुसल्या. ‘पाण्यात ठेवू?’ त्याने विचारलं. कोरडी पडली तर कवळी वाकडी होते, मग बसत नाही. पण त्याने ते त्यासाठी विचारलं नव्हतं. थोरला त्याच्याकडे पाहून म्हणाला, ‘ठेव. उद्या लागतील.’ त्याला माहीत होतं आणि याला माहीत होतं. धाकट्याने काचेच्या वाडग्यात पाणी घेतलं, त्यात त्या बुडवल्या आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर, भावाला दिसेल असा तो वाडगा ठेवला. त्यानंतर थोरला फारसा जागा झाला नाही. बुधवारी सकाळी धाकट्याने वाडग्यातलं पाणी बदललं. गुरुवारी बदललं. वहिनी पाहत होती. शुक्रवारी उजाडता तो खुर्चीतून उठला, भावाच्या छातीकडे पाहिलं, हनुवटीखाली हात लावून नाडी पाहिली; ती लागली नाही. मग त्याने वाडगा उचलला, स्वयंपाकघरात जाऊन पाणी ओतून दिलं, दात धुतले, ताजं पाणी भरलं, वाडगा परत स्टुलावर ठेवला, आणि मग वहिनीला हाक मारली.